वेस्ट कोस्ट ट्रेल की वान डी फ्यूका: व्हँकूव्हर बेटावरचा पहिला किनारी ट्रेक कोणता निवडावा?

कॅनडातील व्हँकूव्हर बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर पोर्ट रेनफ्रू हे छोटे गाव आहे. त्याच्या एका बाजूने वेस्ट कोस्ट ट्रेल बॅमफील्डकडे जातो, तर दुसऱ्या बाजूने वान डी फ्यूका मरीन ट्रेल चायना बीचकडे. धुके, सीडार-हेमलॉक वृक्षांचे पर्जन्यवन आणि चिखल दोन्हींवर सारखेच आहेत. निवड करताना फरक पडतो तो मध्येच बाहेर पडण्याच्या वाटांचा.

वान डी फ्यूकाची लांबी 47 किलोमीटर असून तो साधारण तीन-चार दिवसांत होतो. महामार्ग जवळून जात असल्यामुळे सोंब्रिओ बीच आणि पार्किन्सन क्रीक येथून मध्येच बाहेर पडता येते किंवा एकच टप्पा दिवसभरात चालता येतो. जागेचे आगाऊ आरक्षण नसते. मुक्कामाचा परवाना मात्र घ्यावाच लागतो. मध्येच बाहेर पडता येते म्हणून त्याला सोपा समजू नये, कारण बेअर बीचच्या पुढचे लागोपाठ चढउतार पाठीवर सामान असताना दमवून टाकतात.

वेस्ट कोस्ट ट्रेल 75 किलोमीटरचा आहे, त्याला सहा ते आठ दिवस लागतात आणि तो केवळ उन्हाळी हंगामात खुला असतो. पार्क्स कॅनडा या राष्ट्रीय उद्यानांच्या संस्थेकडे आधी आरक्षण करावे लागते व निघण्यापूर्वी माहितीसत्राला बसणे सक्तीचे आहे. उंच लाकडी शिड्या, नदीवरून हाताने दोर ओढत न्यायचे पाळणे आणि निटिनाट येथील अरुंद जलमार्ग ओलांडून देणारी होडी हे सारे या वाटेचा भाग आहे. मध्ये बाहेर पडण्याची सोय जवळजवळ केवळ निटिनाटलाच आहे, त्यामुळे तिसऱ्या दिवशी पाय मुरगळला तर प्रसंग गंभीर होतो. 1906 मध्ये ‘व्हॅलेन्सिया’ हे जहाज येथे फुटून शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यानंतर जुन्या तारायंत्राच्या वाटेचा जीवरक्षणासाठी विस्तार झाला. आजचा ट्रेल त्यातूनच आला आहे.

हा ट्रेल हू-आय-आत, दितिदात आणि पाचीदात या तीन आदिवासी राष्ट्रांच्या भूमीतून जातो. त्यांचेच लोक ‘गार्डियन’ म्हणून फळ्यांची वाट दुरुस्त करतात, आडवी पडलेली झाडे कापतात, वाटसरूंना मदत करतात आणि पूर्वजांच्या जागांवर लक्ष ठेवतात. माझ्या मते हा ट्रेल चालण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे, कारण येथे भूमी राखणारे आणि भूमीचे वारस एकच आहेत. पाचीदातांच्या भूमीशी जोडलेला वान डी फ्यूका प्रांतिक उद्यान म्हणून बीसी पार्क्स या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या संस्थेकडे आहे. हिवाळी वादळांत तेथील पूल व पायऱ्या निकामी होऊन काही टप्पे बंद राहू शकतात, तेव्हा बंदीची ताजी सूचना पाहूनच तारखा ठरवाव्यात.

सह्याद्रीत पावसाळी ट्रेक केलेल्यांना निसरडे दगड नवे नाहीत. नवी असते ती भरती. दोन्ही वाटांवर काही पुळणी भरतीच्या वेळी बंद होतात, आणि वेस्ट कोस्टवरील ओवेन पॉइंट तर केवळ ओहोटीलाच ओलांडता येतो. ज्यांनी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून दिवसाची आखणी कधी केलेली नाही, त्यांनी आधी वान डी फ्यूका करावा. पोर्ट रेनफ्रूकडच्या टोकाला, बॉटनिकल बीचवर शेवट होईल अशी दिशा धरावी आणि शेवटच्या दिवशी ओहोटी गाठावी, म्हणजे खडकांतल्या कुंडांमधील समुद्रतारे व समुद्रफुले निवांत पाहता येतील. सलग आठवडाभर सारे सामान पाठीवर वाहण्याचा सराव ज्यांना आहे, त्यांनी मात्र थेट वेस्ट कोस्टसाठी आरक्षण करावे.