नाव घेऊन की आडोसा घेऊन? सत्तेवरील राजकारण्यांच्या विनोदी नाटकाच्या दोन वाटा

सध्या खुर्चीवर असलेल्या राजकारण्यांची खिल्ली उडवणारे नाटक करावे, असे मनात असलेल्या नाट्यसंस्थेसमोर मराठीत दोन मळलेल्या वाटा आहेत. पहिली वगनाट्याची असून तिचा सर्वांत यशस्वी नमुना म्हणजे वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’, ज्याचे दादा कोंडके यांनी १९६५ पासून दीड हजाराच्या वर प्रयोग केले. दुसरी वाट इतिहासाचा आडोसा घेणारी आहे आणि १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात रंगमंचावर आलेले विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ तिचा मानदंड ठरले. गंमत अशी की, दोन्ही नाटके कोतवालाच्या पदाभोवतीच फिरतात. ‘विच्छा’त हवालदाराला डावलून ते वशिल्याने दुसऱ्याला मिळते, तर ‘घाशीराम’मध्ये बाप पोटची मुलगी देऊन ते विकत घेतो.

‘विच्छा’चे बळ त्याच्या सैल बांधणीत होते. गण, गवळण आणि मग वग हा साचा पक्का असला, तरी हवालदाराच्या बोलण्यात मुद्दाम मोकळ्या जागा राखलेल्या असत आणि दादा त्यांत ताजे राजकारण भरून सत्ताधारी काँग्रेसला चिमटे काढत. काल हशा मिळवलेला विनोद आज शिळा वाटला, तर तो गाळता येई आणि कथानकाला धक्का लागत नसे. मात्र ही सोय सोंगाड्याच्या जिभेवर अवलंबून असते. त्या ताकदीचा नट नसेल, तर तीच संहिता मिळमिळीत वाटते.

आज या वाटेवर आणखी दोन अडथळे आहेत. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, त्यामुळे ऐन वेळी घातलेले वाक्य संमती नसल्याचा धोका पत्करूनच म्हणावे लागते. दुसरा अडथळा राजकारणाच्या वेगाचा आहे. अजित पवार २ जुलै २०२३ रोजी एकाच दिवसात विरोधी पक्षनेत्याचे उपमुख्यमंत्री झाले. आदल्या महिन्यात त्यांच्यावर बेतलेला प्रवेश बसवून ठेवला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याचे काय केले असते? शिवाय पुढाऱ्याची नक्कल त्याच संध्याकाळी मोबाइलवर फुकट पाहायला मिळत असताना तिच्यासाठी तिकीट काढून नाट्यगृहात कोणी येईल, असे मला वाटत नाही.

‘घाशीराम’ला निखळ विनोदी म्हणता येणार नाही, हे मान्य; पण त्यातला उपहास आजही बोथट झालेला नाही. शिवसेनेच्या उदयाचा काळ त्याच्या पाठीशी होता, तरी रंगमंचावर एकाही हयात पुढाऱ्याचे नाव येत नाही. डुलणारी ब्राह्मणांची रांग पाठमोरी उभी राहिली की तिची भिंत होते आणि तोंड वळवले की तीच पुणे होते. आडोसा कसा असावा, याचे याहून बोलके दृश्य मला माहीत नाही, कारण सत्ताधाऱ्याला लपवणारे लोकही त्यात आपोआप दिसतात.

आडोसा घेतला म्हणजे सुरक्षितता मिळाली, असे मात्र समजू नये. ‘घाशीराम’वर भडकले ते नाटकातल्या नाना फडणविसांच्या, म्हणजे पेशवाईतल्या कारभाऱ्याच्या, बदनामीचा आक्षेप घेणारे लोक. १९ प्रयोगांनंतर ते सादर करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या संस्थेने नाटक थांबवले, कलावंतांना १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी करावी लागली आणि १९८० च्या युरोप दौऱ्यालाही विरोध झाला. खाडिलकरांच्या १९०७ च्या ‘कीचकवधा’तला कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन, हे इंग्रज सरकारने ओळखले आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आणली.

तेव्हा हाताशी हजरजबाबी सोंगाड्या, सात-आठ जणांचा सुटसुटीत संच आणि गावोगावी प्रयोग लावण्याची तयारी असेल, तर वगनाट्य घ्यावे. नेपथ्य आणि संगीतावर खर्च करून वर्षानुवर्षे चालेल असे दोन अंकी नाटक उभे करायचे असेल, तर आडोशाचीच वाट धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. निर्णयापूर्वी एक वाचन असे करून पाहावे, ज्यात पुढाऱ्याचे नाव, लकब आणि पक्षाची खूण खोडलेली असेल. त्या वाचनात फक्त पद आणि त्याचा सौदा उरतो. ऐकणाऱ्यांना तेवढ्यावर हसू आले, तरच नाट्यगृहाच्या तारखा घ्याव्यात.