आठ महिने पंपाने टाकीचं पाणी बदलतेय: काय जमलं, काय नडलं

टाकी मुलाची. तो शिकायला पुण्याला गेला आणि टाकी, त्यातले मासे आणि दर रविवारचं पाणी बदलणं माझ्या गळ्यात पडलं. ठाण्यात घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. तीन फुटी टाकी, आत साधारण १३० लिटर पाणी. आठवड्याला ४० लिटर बदलायचं म्हणजे तीन बादल्या मोरीत नेऊन ओतायच्या आणि तीन भरून आणायच्या. त्यात स्टँड अडीच फुटी, म्हणजे भरलेली बादली छातीपर्यंत उचलायची. फेब्रुवारीत कंबर धरली तेव्हा ठरवलं, आता पंप.

पहिला पंप ३५० रुपयांचा, कूलरला लावतात तसला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ताशी लिटर आणि बारीक अक्षरात हेड, म्हणजे पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच चढवू शकतो ते, १.२ मीटर. मी मोठी अक्षरं वाचली. सुरुवातीला ताज्या पाण्याच्या ड्रममधून टाकीत पाणी छान चढलं. ड्रम रिकामा होत गेला तशी धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी, मग बंदच. पंप मात्र गुणगुणतोय. फोनवर लेक म्हणाला, "अगं आई, हेड बघितलंस का?" ड्रममधल्या पाण्याच्या पातळीपासून नळीच्या सगळ्यात उंच वळणापर्यंतची उंची मोजायची, आणि ड्रम रिकामा होतो तशी ती वाढत जाते. माझ्याकडे ती ८० सेंटीमीटरपासून सुरू होऊन सव्वा मीटरला पोचत होती. खोक्यावर लिहिलेल्या हेडला प्रवाह शून्य असतो, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसरा पंप अडीच मीटर हेडचा, ९०० रुपये. खोक्यावर ताशी २००० लिटर. प्रत्यक्षात ४० लिटर चढायला साडेचार मिनिटं लागतात, म्हणजे ताशी साडेपाचशेच्या आसपास. उंची थोडं खाते, नळी थोडं खाते. आधी अर्धा इंची नळी होती तेव्हा सात मिनिटं लागायची. पाऊण इंची घेतल्यावर फरक पडला. नळीत पैसे वाचवू नका.

आता खरी गंमत. टाकी रिकामी करायला पंप लागतच नाही. मोरी टाकीपेक्षा खाली आहे, तिथे सायफनच पुरतो. मी पंप फक्त सुरुवातीला वापरते: टाकीत बुडवायचा, नळीचं तोंड मोरीत सोडायचं, दहा सेकंद चालवून बंद करायचा. पुढे पाणी आपोआप, पंपाच्या पोटातूनच वाहत राहतं. तोंडाने ओढून माशांचं पाणी चाखायची वेळ येत नाही. शिवाय पंप तळाशी न ठेवता, जिथवर पाणी उतरवायचंय त्या उंचीला दोरीने टांगते. पातळी तिथे आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. विसरलं तरी टाकी कोरडी होत नाही.

हाच सायफन मेमध्ये माझ्यावर उलटला. पाण्याची बोंब होती, ड्रम घरच्या पाण्यासाठी अडकलेला, म्हणून पंप बादलीत टाकून भरत होते. शिंतोडे उडू नयेत म्हणून नळीचं टोक टाकीत खडीपर्यंत खाली सोडलेलं. बेल वाजली, पंप बंद केला, दारात शेजारच्या वहिनींशी दहा मिनिटं बोलले. परत येते तर टाकीतलं पाणी नळीतून उलटं बादलीत आणि बादलीतून लादीवर. दिवाणाखाली तळं. "अहो, पोछा आणा" म्हणून ओरडले तर हे म्हणतात, "मासे तरी आहेत ना?" मासे होते, वीतभर पाण्यात.

तेव्हापासून नळीला, टाकीच्या काठाच्या आत पण पाण्याच्या वर, खिळा तापवून भोक पाडलंय. पंप बंद झाला की तिथून हवा शिरते आणि पाणी मागे येत नाही. पंप चालू असताना भोकातून चिळकांडी उडते, पण ती टाकीतच पडते. वीज गेली तरी चिंता नाही.

पाणी आदल्या रात्री ड्रममध्ये भरून हवेचा दगड (हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) लावून ठेवते, म्हणजे क्लोरीन उडतं. घाई असेल तेव्हा हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर आला की मात्र सावध. ते पाणी आमच्याकडे फारच जड येतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरवर नेहमीच्या तिप्पट. तेव्हा ४० लिटर एकदम बदलत नाही, २० वर थांबते. त्याच पाण्याने जूनमध्ये पंपाच्या पंख्यावर पांढरा थर धरला आणि आवाज वाढला. व्हिनेगरमध्ये तासभर ठेवून जुन्या टूथब्रशने घासला, पुन्हा गप्प.

पंपाने खडीतली घाण निघत नाही. ती हवी तर रुंद तोंडाची सायफन नळीच हवी. जाळीवर स्पंज बांधल्याशिवाय टाकीत पंप सोडू नका. एक गोगलगाय पंख्यात अडकून गेली माझी. पंप काचेला चिकटवायची रबरी चोषकं चार महिन्यांत कडक झाली. वायर तर दीड मीटरचीच. एक्स्टेन्शन बोर्ड लादीवर ठेवायचा मोह होतो, तो ठेवू नका. मी स्टुलावर ठेवते, वायर मध्ये खाली लोंबेल अशी, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डापर्यंत चढत नाही. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा. फक्त बटण बंद करून चालत नाही. हीटर असेल तर तोही आधी बंद, नाहीतर उघडा पडून तडकतो.

उतरवलेलं पाणी मोरीऐवजी ड्रममध्ये धरून त्याच पंपाने बाल्कनीतल्या कुंड्यांना देते. मोगरा यंदा भरभरून आला. टाकीत मीठ किंवा औषध घातलेल्या आठवड्यात तेवढं देत नाही.

३५० चा पहिला पंप फेकला नाही. गणपतीत मखरापुढच्या कारंज्याला लावला. तिथे दीड फूटच चढायचं होतं. पाचही दिवस झकास चालला.