‘हजार डॉलर जास्त काढून देतो’ म्हणणाऱ्या टॅक्सवाल्यापासून सांभाळा

फेब्रुवारी आला की अमेरिकेत एम.एस. करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फी घेऊन टॅक्स रिटर्न भरून देणारा आणि रिफंड हजार डॉलरने वाढवून देतो म्हणणारा कुणीतरी उगवतोच. गंमत म्हणजे पैसे खरंच खात्यात येतात, आणि पोरं फसतात ती तिथेच.

हिशोब बघा. कॅम्पसवरच्या नोकरीत २०२४ साली ९,००० डॉलर मिळाले, फेडरल टॅक्स ४०० कापला. भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्याला त्या वर्षासाठी १४,६०० डॉलरचं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजावट, मिळत होतं. टॅक्स शून्य, ४०० परत. हे हक्काचे. टॅक्सवाला मात्र नॉन-रेसिडेंटचा १०४०-एनआर फॉर्म सोडून रेसिडेंटचा साधा १०४० भरतो, कॉलेजने दिलेला फीचा फॉर्म १०९८-टी बघून शिक्षणाच्या सवलतीचा फॉर्म ८८६३ जोडतो आणि अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट या शिक्षण-सवलतीचे १,००० चढवून १,४०० काढतो. त्यातले ३०० त्याचे.

एफ-१ या स्टुडंट व्हिसावर नव्याने आलेला विद्यार्थी पाच कॅलेंडर वर्षं टॅक्ससाठी नॉन-रेसिडेंट असतो. डिसेंबरात उतरलात तरी ते अख्खं वर्ष धरतात. अशा अविवाहित विद्यार्थ्याला हे क्रेडिट नाही. शिवाय ते कॉलेजच्या पहिल्या चार वर्षांपुरतं आहे, त्यामुळे भारतात चार वर्षांचं बी.ई. करून गेलेल्याला रेसिडेंट झाल्यावरही मिळत नाही.

इंटर्नशिपमुळे टॅक्स बसत असेल तर भारतातल्या आईवडिलांना डिपेंडंट, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेले, दाखवून टॅक्स माणशी ५०० डॉलरने कमी करतात. घरी दरमहा पैसे पाठवत असाल तरी ते चालत नाही. या सवलतीसाठी डिपेंडंट अमेरिकेचा नागरिक किंवा रेसिडेंट असावा लागतो.

टॅक्स खात्याची नोटीस आली की १,००० परत, वर व्याज, आणि २० टक्के दंडही लागू शकतो. टॅक्सवाल्याचा फोन तोवर बंद. सही तुमची, जबाबदारीही तुमचीच.

म्हणून रिटर्न ऑनलाइन भरायची परवानगी देणाऱ्या फॉर्म ८८७९ वर सही करण्याआधी पूर्ण रिटर्नची पीडीएफ मागा. दुसऱ्या पानावर ३५ क्रमांकाच्या ओळीत बँक खातं तुमचंच आहे ना, ते अंक जुळवून बघा. त्याखाली पैसे घेऊन रिटर्न भरणाऱ्याची सही आणि पीटीआयएन, म्हणजे त्याचा नोंदणी नंबर, हवा. ती जागा कोरी ठेवणारा किंवा रिफंडवर टक्केवारी मागणारा माणूस नकोच.

चुकीचं रिटर्न गेलंच असेल तर नोटिशीची वाट बघू नका. दुरुस्तीचा फॉर्म १०४०-एक्स भरा, बरोबर केलेला १०४०-एनआर आणि विद्यार्थी म्हणून नॉन-रेसिडेंट असल्याचा फॉर्म ८८४३ जोडा, जादा रक्कम परत करा. तुम्हाला न विचारता त्याने आकडे किंवा खातं बदललं असेल, तर १४१५७ आणि १४१५७-ए हे तक्रारीचे फॉर्म आहेत; सोबत त्याचे मेसेज आणि फी दिल्याचा पुरावा लावा.