साताऱ्याहून पहिल्या ट्रॅक डेला : एका दिवसाच्या प्रशिक्षणाचे परीक्षण

यवतेश्वरचा घाट किती मिनिटांत चढलो आणि मागच्या टायरच्या कडेला न घासलेली पट्टी किती उरली (गाडी जितकी झुकवली तितकी ती कमी), या दोन गोष्टींवर साताऱ्यात मोटारसायकलस्वाराची पत ठरते. पोवई नाक्यावर चहा पिताना एकमेकांच्या टायरकडे वाकून पाहण्यात मीही काही वर्षे घालवली आहेत. गेल्या फेब्रुवारीत मात्र कोइंबतूरजवळच्या करी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर ‘ट्रॅक डे’ला, म्हणजे नवशिक्यांसाठी होणाऱ्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाला मी पैसे भरून गेलो, आणि हे परीक्षण त्या सेवेचे आहे. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझ्या काही तक्रारी एकाच दिवसाच्या अनुभवावर बेतलेल्या आहेत आणि तेवढ्यावर कोणाच्या नावाला बट्टा लावणे मला योग्य वाटत नाही. निर्णय आधीच सांगतो : शिकवणी उत्तम होती, व्यवस्था बेताची होती आणि भाड्याने मिळालेले साहित्य निराशाजनक होते; तरीही वेग मारण्यासाठी नव्हे तर नजर आणि ब्रेक सुधारण्यासाठी जो जाईल, त्याचे पैसे वसूल होतील.

आपल्या भागातून ट्रॅकवर जायचे म्हणजे लांबचा प्रवास ठरलेलाच. कोल्हापूरला गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे, परंतु मोटारसायकलच्या मोठ्या ट्रॅकची गोष्ट निघाली की चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील सुमारे ३.७ किलोमीटरचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट, जिथे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपी या मोटारसायकलींच्या जागतिक स्पर्धेची शर्यत झाली, आणि कोइंबतूरचा करी ही नावे प्रथम येतात. करीची लांबी सुमारे २.१ किलोमीटर आहे. ट्रॅक लहान आणि वळणांचा असल्यामुळे माझ्या यामाहा आर १५ सारख्या १५५ सीसीच्या गाडीला तिथे कमीपणा वाटत नाही. एकेका फेरीला फार वेळ लागत नसल्याने चुकलेले वळण लगेच पुन्हा समोर येते, आणि नवशिक्याला तेच हवे असते. बुद्धच्या लांब सरळ पट्ट्यावर १५५ सीसीची गाडी नेऊन नुसते टाकीवर आडवे पडून राहण्यात काय शिकायला मिळेल, हा माझा आपला प्रश्न आहे.

साताऱ्याहून कोइंबतूर हजार किलोमीटरहून अधिक आहे. गाडी चालवत जाण्याचा मोह मला झाला होता आणि तो आवरला, हे बरे झाले. एवढे अंतर महामार्गावर सरळ धावल्यावर टायरचा मधला भाग सपाट होतो आणि चालवणाराही अंग आंबलेल्या स्थितीत पोहोचतो; शिवाय तिथे गाडी पडून क्लच लिव्हर जरी तुटली तरी परत कसे यायचे, हा प्रश्न उरतोच. मी आणि कराडचा एक मित्र, आम्ही दोघांनी मिळून पिकअप भाड्याने केली आणि दोन्ही गाड्या तिच्यात दोरखंडाने बांधून नेल्या. हिशेब केला तेव्हा पिकअप, डिझेल, टोल आणि मुक्काम यांचा खर्च प्रशिक्षणाच्या शुल्काहून जास्त भरला. संस्थेकडे भाड्याच्या गाड्या होत्या आणि आज मला वाटते की पहिल्या वेळी त्याच घ्याव्यात, कारण स्वतःच्या हप्त्याच्या गाडीवर माणूस प्रत्येक वळणात मनातल्या मनात फेअरिंगची, म्हणजे गाडीवरच्या प्लास्टिकच्या आवरणाची, किंमत मोजत असतो. रेल्वेने जावे, त्यांची गाडी चालवावी, आणि पडलो तर किती भरावे लागेल हे आधी लेखी विचारून घ्यावे.

स्वतःची गाडी न्यायचीच असेल तर तयारी साताऱ्यातच पूर्ण करावी. संस्थेने पाठवलेल्या सूचनांत ब्रेकचे पॅड, नवे ब्रेक ऑइल, चेनचा ताण या नेहमीच्या गोष्टी होत्या; त्यांखेरीज आरसे, नंबर प्लेट आणि इंडिकेटर काढावेत, दिव्यांच्या काचांवर टेप लावावी, कूलंट काढून रेडिएटरमध्ये साधे डिस्टिल्ड पाणी भरावे आणि इंजिन ऑइल काढण्याच्या नटाला भोक पाडून तो तारेने बांधावा, असे म्हटले होते. गोडोलीतल्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रींना ही शेवटची सूचना मुळीच पटली नाही. नट शिकंजात धरून बारीक ड्रिलने भोक पाडताना त्यांची एक सुई मोडली, तेव्हा ते म्हणाले, "सर, तेल सांडायला आधी नट ढिला व्हायला पायजे, आन् माझ्या हातचा नट आजवर ढिला झालेला न्हाई." बोलणे खोटे नव्हते. परंतु ट्रॅकवर सांडलेले थेंबभर तेल मागून झुकून येणाऱ्या दहा जणांना पाडू शकते. ग्लायकॉल असलेले कूलंटही तितकेच निसरडे असते आणि पाण्यासारखे चटकन वाळत नाही, म्हणून हा नियम आहे. परत आल्यावर पाणी काढून कूलंट पुन्हा भरण्यास मात्र विसरू नये, नाहीतर रेडिएटर आतून गंजू लागतो.

टायर बदलण्याची गरज पडली नाही. कंपनीने दिलेले टायर शाबूत असतील तर नवशिक्याच्या वेगाला ते पुरून उरतात. हवा मात्र तिथेच, टायर थंड असताना, रस्त्यावरच्या मापापेक्षा थोडी कमी ठेवण्यास सांगितले गेले, कारण काही फेऱ्यांत टायर तापतो आणि आतला दाब आपोआप चढतो. किती कमी, हे गाडी आणि टायर पाहून त्यांचा तंत्रज्ञ सांगत होता आणि प्रत्येक सेशननंतर, म्हणजे ट्रॅकवरच्या प्रत्येक पाळीनंतर, पुन्हा मोजत होता. या माणसाला माझ्याकडून पूर्ण गुण.

सकाळच्या व्यवस्थेला तसे गुण देता येत नाहीत. सात वाजता बोलावून गाड्यांची तपासणी साडेआठला सुरू झाली, त्यामुळे पहिले सेशन अर्ध्याहून अधिक कापले गेले आणि त्याची भरपाई दिवसभरात झाली नाही. तपासणी स्वतः मात्र कसून झाली. तपासनिसाने ब्रेकची लिव्हर दाबून धरत गाडी पुढे रेटून पाहिली, पुढचे चाक उचलून हाताने हलवले, थ्रॉटल सोडल्यावर तो स्वतःहून मिटतो का हे पाहिले, आणि शेवटी माझ्या हँडलवर राहून गेलेल्या मोबाइल होल्डरकडे नुसते बोट दाखवले.

भाड्याचा लेदर सूट ही माझी मुख्य तक्रार. नोंदणी करताना छाती, कंबर आणि उंचीची मापे घेतली होती. प्रत्यक्षात एक माप मोठा सूट हाती पडला. आत बसवलेले कठीण कवच कोपरावरून मनगटाकडे सरकत होते आणि गुडघ्यावरचे कवच बाजूला वळत होते. पडल्यावर असे कवच जागेवर राहत नाही, म्हणजे ते असून नसल्यासारखेच. बरोबर मापाचा सूट उभे राहिल्यावर अवघडतो, माणसाला किंचित वाकवतो, आणि गाडीवर बसल्याबरोबर सोयीचा वाटतो. मला याच्या नेमके उलट वाटत होते. बदलून मागितला तर दुसरा नव्हता. पाठीचे कवच त्यांच्याकडे मिळतच नव्हते. ते मी साताऱ्याहून नेले होते म्हणून निभावले. फुलफेस हेल्मेट, मनगट झाकणारे हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट या तीन गोष्टी तरी स्वतःच्या असाव्यात. दुसऱ्याच्या घामाने ढिले पडलेले हेल्मेट घालण्याची वेळ कोणावर येऊ नये.

गाडीवर बसण्याआधी अर्धा तास झेंड्यांवर आणि नियमांवर गेला. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, ओव्हरटेक नाही. लाल म्हणजे सेशन थांबले, वेग कमी करून पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबवण्याच्या जागी, परत. निळा म्हणजे मागून वेगवान चालक येत आहे. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढचा पृष्ठभाग निसरडा. काळा म्हणजे आत या, तुमच्याशी बोलायचे आहे. निळा दिसला तर घाबरून बाजूला होऊ नका, आपली रेघ धरून चालत राहा, मागचा आपली वाट काढेल, हे त्यांनी दोनदा सांगितले. रस्त्यावर हॉर्न ऐकताच डावीकडे दबण्याची सवय असलेल्या माणसाला हे एकदा सांगून पुरत नाही. नवशिक्यांच्या गटाला ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर करण्याची मुभा होती, आणि एकाने वळणात घुसून तो नियम मोडला तेव्हा त्याला पुढच्या सेशनला बसवून ठेवले. ही शिस्त मला फार आवडली.

आता शिकवणीविषयी, कारण पैसे खरे तिथे लागतात. पहिल्या सेशनला प्रशिक्षक पुढे आणि आम्ही चौघे मागे, असे निघालो. परत आल्यावर त्यांनी मला विचारले की तुम्ही अर्धाच ट्रॅक का वापरता. ते खरे होते. घाटात समोरून एस.टी. येणार हे गृहीत धरून आपण डावा अर्धा रस्ता धरून वळतो, आणि रस्त्यावर तेच बरोबर आहे. पण इथे समोरून कोणी येणार नसतानाही माझे शरीर डावी बाजू सोडायला तयार नव्हते. बाहेरच्या कडेने यायचे, आत वळणाच्या बिंदूला शिवायचे आणि पुन्हा बाहेरच्या कडेपर्यंत गाडीला मोकळे सोडायचे, ही रेघ फळ्यावर दोन मिनिटांत समजते. अंगात यायला दुपार उजाडली. इथे एक इशारा द्यावासा वाटतो की ही रेघ घरी आणून यवतेश्वरच्या किंवा पसरणीच्या घाटात वापरणाऱ्याची गाठ थेट एस.टी.च्या बंपरशी पडेल.

दुसऱ्या सेशनपूर्वी प्रशिक्षकांनी माझ्या मीटरवर काळी टेप चिकटवली. वेगाचा आकडा दिसेनासा झाला तेव्हा मला पहिल्यांदा कळले की प्रत्येक सरळ पट्ट्याच्या शेवटी मी तो वाचत होतो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे अर्धा सेकंद खाली पाहिले तर १४ मीटर आंधळे गेले. टेप लागल्यावर नजर आपोआप वर आली, आणि ब्रेकची खूण, वळायची जागा, आतला बिंदू, बाहेर पडायची जागा ही चार ठिकाणे ओळीने दिसू लागली. एका रुपयाच्या टेपने जे साधले ते महागड्या एक्झॉस्टने साधले नसते.

ब्रेकच्या बाबतीत माझा समज पूर्ण उलटा निघाला. मला वाटे, ट्रॅकवर ब्रेक झटक्यात दाबायचा असतो. प्रत्यक्षात लिव्हर आधी अलगद दाबून पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचे शॉक अब्सॉर्बर, खाली बसू द्यायचा, वजन पुढच्या टायरवर आले की मग जोर वाढवायचा, आणि गाडी झुकत जाईल तसतसा तो जोर हळूहळू सोडायचा, असा क्रम आहे. वजन पुढे येण्याआधीच लिव्हर आवळली की टायर पकड सोडू पाहतो आणि एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, लिव्हरमध्ये थरथरू लागते. पहिल्या दोन सेशनमध्ये माझ्या बोटांना ती थरथर बहुतेक फेऱ्यांत जाणवली. चौथ्यात एकदाही नाही. त्या दिवसाची माझी कमाई विचाराल तर ती एवढीच.

मधल्या तिसऱ्या सेशनला मी माती खाल्ली. पुढचा मुलगा माझ्याहून कसलेला होता. तो ज्या जागी ब्रेक लावेल त्या जागी मीही लावीन, असे ठरवून मी त्याच्या मागच्या चाकावर नजर लावली, तो सफाईने वळला आणि मी सरळ खडीत गेलो. घाबरून पुढचा ब्रेक धरला नाही, गाडी उभी ठेवली, म्हणून पडलो नाही. ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभ्या असलेल्या मार्शलने पिवळा झेंडा धरला आणि मला हाताने पिटचा रस्ता दाखवला, कारण फेअरिंगमध्ये अडकलेले खडे ट्रॅकवर पडले असते. प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी एकच विचारले की तुम्ही पाहत कुठे होता, आणि उत्तर दोघांनाही ठाऊक होते.

जेवणात भात आणि सांबार होते, ते ठीक; पिण्याचे पाणी मात्र दुपारी संपले आणि पुढचे येईपर्यंत चाळीस मिनिटे गेली. फेब्रुवारीतही तिथे ऊन लागते, आणि काळ्या चामड्याच्या आत घाम किती जातो याचा अंदाज येत नाही. ओआरएसची पाकिटे आणि पाण्याचा स्वतःचा कॅन न्यावा. शेवटच्या सेशनला मनगटे भरून आली होती, लिव्हरवरची बोटे नीट मिटत नव्हती, म्हणून मी तीन फेऱ्या करून हात वर केला आणि आत आलो. शुल्क पूर्ण भरले आहे म्हणून शेवटची फेरीही वसूल करायची, हा हिशेब थकलेल्या माणसाने करू नये.

विम्याचे एक राहिले. दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, म्हणून ट्रॅकवरचे नुकसान आपल्याच खिशातून जाईल असे धरून चालावे. सकाळी ज्या हमीपत्रावर सही घेतात त्यातही जबाबदारी आपलीच असल्याचे लिहिलेले होते. रांगेत उभे राहून सही ठोकण्याऐवजी ते दोन दिवस आधी मागवून वाचावे.

पुढच्या हिवाळ्यासाठी मी पुन्हा नाव नोंदवणार आहे, याच संस्थेकडे, याच ट्रॅकवर, परंतु त्यांच्या गाडीवर आणि स्वतःच्या सुटात. पैसे भरण्यापूर्वी या वेळी फोनवर दोन गोष्टी विचारून घेईन : एका प्रशिक्षकामागे किती जण असतील, आणि तपासणी उशिरा सुरू झाली तर कापलेल्या सेशनचे काय.