भाजीच्या प्लॉटवर कोंबड्या: मोकळ्या सोडाव्यात की फिरत्या पिंजऱ्यात?

परसात चार-पाच कोंबड्या, शहराबाहेर दोन-तीन गुंठ्यांचा भाजीचा तुकडा, आणि रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत. असा ज्यांचा बेत असतो त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कोंबड्या सोबत न्याव्यात की नाही, हा प्रश्न माझ्या दृष्टीनं केव्हाच सुटला. जरूर न्याव्यात. काढणी झालेला वाफा त्या जसा उकरून मोकळा करतात तसा आपल्या खुरप्यानं होत नाही. प्रवासाचंही फार मनावर घेऊ नये. भाजीची दोन प्लास्टिक क्रेट तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधली, तळाला भुसा टाकला, की तासा-दीड तासाचा रस्ता त्या निवांत बसून काढतात. खुडूक (अंडी उबवायला बसलेली) मात्र घरीच ठेवावी, आणि वाटेत चहाला थांबलात तर गाडी उन्हात बंद करून जाऊ नये. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकूनच अंग थंड करते. बंद गाडीत तेवढ्यानं भागत नाही.

खरा प्रश्न पोचल्यावरचा आहे. सोडायच्या कशा?

मोकळं सोडण्याची बाजू आधी मांडतो, कारण पाहायला सुख तिथंच जास्त आहे. कोंबडी स्वतःची जागा स्वतः निवडते. बांधाकडेच्या गवतात नाकतोडे, पालापाचोळ्याखाली गोगलगाई, शेणखताच्या ढिगात हुमणीच्या पांढऱ्या अळ्या. कुठं काय मिळतं हे तिला आपल्यापेक्षा लवकर कळतं. ऊन चढलं की स्वतःहून शेवग्याच्या नाहीतर आंब्याच्या सावलीत जाते, भुसभुशीत माती शोधून तीत लोळते, पिसं साफ करून घेते. आठवडाभर परसाच्या चार भिंतींत राहिलेली कोंबडी असं लोळताना पाहिली की आणल्याचं समाधान वाटतं.

नासधूस होते ती ठरलेल्या जागी. नुकती पेरलेली मेथी, कोथिंबीर, पालक अर्ध्या तासात संपते. वांगी-मिरचीची मोठी झाडं त्या खात नाहीत, पण आळं उकरून मुळं उघडी टाकतात आणि आच्छादनाचा पाला वाफ्याबाहेर भिरकावतात. कोवळ्या वाफ्यांभोवती जाळी लावून याचा बंदोबस्त होतो. मुंगूस आणि गावातली कुत्री यांच्यावर मात्र दिवसभर लक्ष ठेवावं लागतं, म्हणजे एक माणूस त्यातच अडकतो.

फिरता पिंजरा म्हणजे तळ नसलेला, वाफ्याच्या रुंदीचा पिंजरा. गादीवाफे चार फुटी असतील तर पिंजराही चार फुटी. लांबी आठ फूट धरली तर चार-पाच कोंबड्यांना दिवसभर पुरते. रिकाम्या वाफ्यावर ठेवायचा, तिथलं तण आणि किडे संपले की पुढं सरकवायचा. काम नेमकं हवं तिथं होतं. आणखी एक फायदा मला मोठा वाटतो: विष्ठा एकाच वाफ्यात पडते. कोंबडीची ताजी विष्ठा कोवळ्या मुळांना जाळते, आणि काकडी, कोथिंबीर, मुळा यांसारख्या कच्च्या खायच्या भाज्यांवर ती पडू नये हे उत्तम. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत जनावरांचं किंवा कोंबड्यांचं न कुजवलेलं खत घातल्यावर, मातीला टेकणारी भाजी काढण्याआधी 120 दिवस जाऊ द्यावे लागतात. कोंबड्या पिंजऱ्यात असल्या की कोणता वाफा थांबवायचा हे पक्कं ठाऊक असतं, तिथं भोपळा नाहीतर वांगी लावून मोकळं होता येतं. मोकळ्या सोडल्या की सगळा प्लॉटच त्या हिशेबात येतो.

पिंजऱ्याच्या उणिवाही खऱ्या आहेत. सरी-वरंब्यावर तो नीट बसत नाही. सरीच्या जागी खाली फट राहते आणि त्या फटीतून मुंगूस आत येऊ शकतं. सावलीला जाण्याची सोय कोंबडीच्या हातात राहत नाही, म्हणून निम्म्या छतावर ओलं गोणपाट आणि आत पाण्याचं जड भांडं लागतंच. एप्रिल-मेच्या दुपारी तर मी पिंजरा वाफ्यावर न ठेवता थेट झाडाखाली ठेवतो. जागा बदलली नाही तर त्या कंटाळतात आणि एकमेकींना चोची मारू लागतात.

इथपर्यंत पारडं जवळपास सारखं आहे, आणि केवळ एवढ्यावर मी कदाचित मोकळं सोडण्याकडेच झुकलो असतो. माझा निर्णय झाला तो संध्याकाळच्या धरपकडीवरून.

कोंबडी खुराड्यात जाते ती तिन्हीसांजेला, आणि तेही ओळखीच्या खुराड्यात. प्लॉटवर तिचं खुराडं नाही. आपल्याला निघायचं असतं पाचला, आणि पाच वाजता तिचा दिवस संपलेला नसतो. उलट ऊन उतरल्यावर ती पुन्हा जोमानं चरायला लागते. घरी ज्वारीचा डबा वाजवून 'आ आ' केलं की पायात येणारी कोंबडी इथं दिवसभर खाऊन तुडुंब झालेली असते, ती ज्वारीकडे मान वळवून बघतेही. पण येत नाही. मागं लागलं की घाणेरीच्या जाळीत शिरते. गिरिराजसारखी अंगानं जड असेल तर निदान जमिनीवर राहते. गावरान तलंग (तरुण कोंबडी) सरळ झाडावर जाऊन बसते. एक सापडली की बाकीच्या सावध होतात. धापा टाकणारी, पिसं गळालेली कोंबडी क्रेटमध्ये घालताना दिवसभराचं सुख उतरून जातं, आणि माझ्या कोंबड्या अशा धावपळीनंतर दुसऱ्या दिवशी बहुधा अंडं देत नाहीत. अंधार पडू दिला तर त्या सहज हाती येतात, कारण त्यांना अंधारात फारसं दिसत नाही. पण पुण्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सात उलटून जातात. पावसाळ्यात मुलांना घेऊन त्या वेळी घाट उतरणं मला नको वाटतं.

पिंजऱ्यात हा प्रश्नच राहत नाही. अरुंद बाजूला क्रेटच्या तोंडाएवढं दार ठेवा, दाराला क्रेट लावा, आत मूठभर ज्वारी टाका. पिंजऱ्यातलं खाणं दुपारीच संपलेलं असतं, त्यामुळे त्या एकेक करून आपणहून चालत जातात. हात लावावा लागत नाही.

प्लॉटवर मुक्काम करणाऱ्यांनी मात्र माझं ऐकू नये. रात्रीचं पक्कं खुराडं तिथंच असेल तर एक-दोन दिवस आत कोंडून सवय लावा आणि मग मोकळ्याच सोडा. पूर्ण सरी-वरंब्याचा तुकडा असेल तरी पिंजऱ्याचा आग्रह धरू नये. शेजारच्या रानात फवारणी झालेली असेल, किंवा औषध लावलेलं रंगीत बियाणं पेरलं असेल, तर त्या दिवशी पिंजराच बरा, नाहीतर कोंबड्या घरी. शेजाऱ्याच्या कोंबड्यांत आपल्या मिसळू देऊ नयेत, राणीखेतची लस झालेली असली तरीही. जिल्ह्यात बर्ड फ्लूची बातमी आली तर कोंबड्या हलवूच नयेत. 2006 साली देशातला पहिला उद्रेक आपल्याच नवापुरात झाला होता.

पिंजरा करून घेताना षट्कोनी कोंबडीजाळी घेऊ नका, कुत्रा ती फाडतो. अर्ध्या इंची वेल्डमेश घ्या. सांगाडा पीव्हीसी पाइपचा हलका पडतो, वाऱ्यानं सरकतो. बांबूचा किंवा बारीक लोखंडी अँगलचा करा आणि एका टोकाला जुनी सायकलची चाकं लावा, म्हणजे एकट्यालाही ओढता येतो.