बँकेचा वकील की आपला वकील? गृहकर्जावर घर घेताना कुणाच्या ‘टायटल क्लिअर’वर विसंबायचं

गृहकर्जाच्या खर्चात ‘लीगल चार्जेस’ म्हणून एक रक्कम तुमच्याकडूनच घेतली जाते. साहजिकच वाटतं, की वकील झाला, तपास झाला, आता आणखी एकाला फी कशाला? पण त्या पैशांतून तयार होणारा अहवाल बँकेच्या नावे असतो आणि बहुतेक वेळा त्याची प्रतही तुमच्या हाती पडत नाही. त्या वकिलाला विचारलेला प्रश्न एकच: कर्ज थकलं तर हे घर विकून बँकेचे पैसे वसूल होतील का? ‘हे घर या अटींवर घ्यावं का’ हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

आधी एक गैरसमज दूर करू. मुंबईत ‘सॉलिसिटर’ या शब्दाला अजून वजन आहे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा आजही होते आणि जमिनींच्या मोठ्या व्यवहारांत सॉलिसिटर फर्मच्या टायटल सर्टिफिकेटला (मालकी निर्वेध असल्याच्या दाखल्याला) मान असतो. पण फ्लॅट घ्यायला सॉलिसिटरच हवा असं नाही. दस्तांचं काम रोज करणारा कुठलाही अॅडव्होकेट चालतो. लंडनला घर घेतलेल्या चुलतभावाचा सल्ला मात्र इथे लावू नका. तिथे बहुधा एकच सॉलिसिटर बँकेचं आणि खरेदीदाराचं अशी दोन्ही कामं बघतो आणि पैसेही त्याच्या क्लायंट अकाउंटमधून फिरतात. आपल्याकडे पैसे थेट विक्रेत्याकडे जातात, मध्ये सांभाळणारं कुणी नसतं.

कोण कधी येतो

दोघांतला सर्वांत मोठा फरक वेळेचा आहे. मुंबई उपनगरातला १ कोटी २० लाखांचा रिसेल फ्लॅट धरा. ७५ लाखांवरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ७५ टक्के, म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ९० लाख. उरलेले ३० लाख तुमचे. त्यावर ६ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ७ लाख २० हजार (खरेदीदार फक्त महिला असतील तर १ टक्का कमी), आणि नोंदणी फी ३० हजार. करार नोंदवल्याशिवाय आणि स्वतःचा हिस्सा भरल्याची पावती दाखवल्याशिवाय बँक सहसा चेक काढत नाही. म्हणजे बँकेचा पहिला रुपया बाहेर पडण्याआधी तुमचे साडेसदतीस लाख गेलेले असतात.

बँकेचा वकील फाइल बघतो ती टोकन दिल्यानंतर, कधी कधी तर करार नोंदवल्यानंतर. तेव्हा त्याने नकार दिला तर बँकेचं काहीच जात नाही. तुम्ही मात्र विक्रेत्याकडून पैसे परत मागत बसता आणि मुद्रांकाचा परतावा मिळवणं हा वेगळाच द्राविडी प्राणायाम. तुमचा वकील टोकनच्या आधी यायला हवा, कारण त्याचं सर्वांत किफायतशीर काम टोकनच्या पावतीवरचं एक वाक्य आहे: टायटलमधील दोषामुळे किंवा सोसायटीची कागदपत्रं न मिळाल्यामुळे कर्ज नामंजूर झालं, तर पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत.

कोण काय बघतो

दस्तांची साखळी दोघंही बघतात. मूळ करार, पुढची प्रत्येक विक्री, नोंदणीच्या पावत्या, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. सर्च, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या नोंदींचा शोध, बहुधा ३० वर्षांचा असतो, कारण मुदतीच्या कायद्यानुसार गहाण सोडवून घेण्याचा हक्क ३० वर्षं टिकतो. इथवर बँकेच्या वकिलाचं काम चांगलं असतं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

पण शेअर सर्टिफिकेट उलटं करून बघा. मागच्या बाजूला हस्तांतरांच्या नोंदी असतात: तारीख, नाव, सेक्रेटरी-चेअरमनच्या सह्या. ती नावं करारांच्या साखळीशी क्रमाने जुळली पाहिजेत. मागे पती-पत्नी दोघांची नावं असतील, पती वारले असतील आणि आता एकट्या बाई विकत असतील, तर ‘नॉमिनी मीच होते’ हे उत्तर पुरत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. ही गोष्ट बँकेचा वकीलही पकडतो. तो काय करत नाही, तर मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन १४ दिवस हरकतींची वाट बघणं. तुमचा वकील ते करतो.

सर्च अहवालाचा शेवटचा परिच्छेदही वाचून घ्या. ‘अमुक सालांची पानं फाटलेली’, ‘इंडेक्स तयार नाही’ अशा ओळी तिथे असतात. त्या वर्षांचा तपास झालेलाच नाही, एवढाच त्यांचा अर्थ.

बँकेचा वकील सहसा हात लावत नाही अशा गोष्टी बऱ्याच आहेत: मेंटेनन्सची थकबाकी, सहकार न्यायालयातला वाद (सब-रजिस्ट्रारच्या सर्चमध्ये तो दिसत नाही), पुनर्विकासाचे ठराव, ‘पार्किंगसह’ या शब्दामागे नेमकं काय आहे. हस्तांतराचा प्रीमियम आदर्श उपविधींनुसार २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे सोसायटीला सुनवायलाही तो येणार नाही.

आणि पैसे देण्याचं कलम. करारात ‘उर्वरित रक्कम ३० दिवसांत, अन्यथा बयाणा जप्त’ असं लिहिलेलं असतं आणि बँकेला सोसायटीची एनओसी तिच्याच नमुन्यात हवी असते. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा. तीस दिवस तिथेच संपतात. बँकेच्या वकिलाला या कलमाशी देणंघेणं नाही. तुमच्या वकिलाने ४५ ते ६० दिवस मागावेत आणि विक्रेत्याकडून कागद उशिरा आले तर तेवढे दिवस वाढतील असं लिहून घ्यावं.

टीडीएसही तुमच्याच गळ्यात. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर प्रत्येक हप्त्यातून १ टक्का कापून विक्रेत्याच्या पॅनवर भरायचा. विक्रेता अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही, कपात बरीच मोठी असते. विक्रेता परदेशात राहतो का, हा प्रश्न टोकनच्या दिवशीच विचारायचा.

विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर

इथे तुमच्या वकिलाची फी हमखास वसूल होते. मूळ कागद विक्रेत्याच्या बँकेत असतात. तिच्याकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल याचं पत्र) आणि कागदपत्रांची यादी घ्यायची. मग तुमची बँक थेट त्या कर्जखात्याच्या नावे चेक काढते. बिघाड ठरलेले. लेटरची तारीख उलटते, मधल्या दिवसांचं व्याज कमी पडतं आणि काही हजारांसाठी खातं बंद होत नाही. किंवा त्याच घरावर टॉप-अप कर्ज निघतं, जे विक्रेत्याने सांगितलेलं नसतं. सेरसाई या तारणांच्या केंद्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर मालमत्तेवरचा बोजा किरकोळ फी भरून कुणालाही शोधता येतो. हा शोध टोकनच्या आधी घ्या.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत देणं बँकांना १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर कर्जदाराला दिवसाला ५,००० रुपये भरपाई. ती विक्रेत्याला मिळते, तुम्हाला नाही. म्हणून कागद थेट तुमच्या बँकेकडे सोपवले जातील, असं विक्रेत्याचं पत्र आधीच घ्या. जुन्या कर्जाची नोटीस ऑफ इंटिमेशन (घर तारण ठेवल्याची नोंदणी कार्यालयातली सूचना) रद्द झाली का, हेही बघा, नाहीतर पाच-सात वर्षांनी तुम्ही विकायला काढाल तेव्हा ती सर्चमध्ये डोकं वर काढते.

नवं बांधकाम

इथे तराजू बँकेच्या वकिलाकडे झुकतो. बँकेने प्रकल्प आधीच मंजूर केला असेल तर जमिनीचा तपास झालेला असतो आणि टायटल रिपोर्ट महारेराच्या पानावरही दिसतो. पुन्हा सर्चवर खर्च नको. वकिलाकडून फक्त करार वाचून घ्या. नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागितली का, ताब्याची तारीख महारेरावरच्या तारखेशी जुळते का, आणि बिल्डरने प्रकल्पावर कर्ज काढलं असेल तर त्या संस्थेच्या एनओसीत तुमच्या फ्लॅटचा नंबर आहे का. करारानंतर बिल्डरने तुमचा फ्लॅट तारण ठेवला तरी रेरा तुमचा हक्क राखतो. आधीच्या तारणाला मात्र ही एनओसीच हवी.

गोव्यात उलट. तिथे समाईक नागरी कायद्यामुळे विक्रेत्याच्या जोडीदाराची सही लागते, वारसांचा प्रश्न इन्व्हेंटरी प्रोसिडिंग या वारसा-वाटपाच्या प्रक्रियेतून सुटतो आणि फॉर्म एक व चौदा हा तिथला जमिनीचा उतारा वाचता यावा लागतो. तिथला स्थानिक वकील घ्याच, बँक काहीही म्हणो.

चुकला तर

बँकेच्या वकिलाने तुमच्याशी करार केलेलाच नसतो, त्यामुळे त्याला जाब विचारणं अवघड. कटात सामील असल्याचा पुरावा नसताना केवळ चुकीच्या अभिप्रायासाठी पॅनेलवरच्या वकिलावर फौजदारी खटला चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं. तुमच्या वकिलाबद्दलही भ्रमात राहू नका: १४ मे २०२४ च्या निकालानंतर वकिलांची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. उरतो दिवाणी दावा आणि बार कौन्सिलकडची तक्रार, दोन्ही लांबची वाट.

म्हणून कामाची यादी आणि फी आधीच लेखी ठरवा: किती वर्षांचा सर्च, जाहीर नोटीस, टोकनचा मजकूर, कराराचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी. एजंटने सुचवलेला वकील नको. आणि फी व्यवहार पूर्ण होण्यावर अवलंबून ठेवू नका. ‘हे घर सोडा’ असं सांगितलं तरी त्याला ठरलेली फी मिळाली पाहिजे, नाहीतर तो ते सांगणार नाही.