ओइकावा, कावामुत्सु की यामामे? जपानी नदीतील मासे घरी पाळण्यापूर्वी

जपानमधील नद्यांचे मासे घरच्या टाकीत ठेवायचे असतील, तर निवड करताना सर्वांत आधी ऑगस्ट महिन्याचा विचार करावा लागतो. या माशांना हिवाळ्यात हीटर लागत नाही; मात्र तोक्योच्या उन्हाळ्यात बंद घरातील पाणी सहज ३० अंशांवर जाते, आणि १५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम विरघळू शकणारा प्राणवायू त्या तापमानाला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास उरतो. तिन्ही माशांतील खरा फरक येथेच उघड होतो.

यामामे हा साल्मनच्या कुळातील, डोंगरी ओढ्यांत राहणारा मासा आहे. त्याच्या कुशीवरील लांबट, निळसर करडे ठिपके पाहून मोह पडतोच; परंतु पाणी कायम २० अंशांच्या आत, शक्यतो १५ अंशांच्या जवळ ठेवावे लागत असल्याने चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, त्याला पाळता येत नाही. पाण्यावर पंखा लावल्यास बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते खरे, पण दमट हवेत तेवढाही उतार मिळेलच असे नाही. शिवाय चिलर पाण्यातील उष्णता खोलीतच सोडतो, त्यामुळे लहान सदनिकेत माशासाठी चिलर आणि माणसासाठी एसी अशी दोन्ही यंत्रे चालवण्याची वेळ येते. यामामे जागेवरून भांडतोही, म्हणून ९० सेंटिमीटरपेक्षा लहान टाकीत तो ठेवू नये, असे माझे मत आहे. नदीतून पकडायचा असल्यास मच्छीमार सहकारी संस्थेचा परवाना आणि साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा बंदीचा काळ पाहावा लागतो.

ओइकावा आणि कावामुत्सु हे कार्पच्या कुळातील, १५ सेंटिमीटरच्या आसपास वाढणारे मासे आहेत. पाण्यात भरपूर हवा सोडल्यास आणि पंखा लावल्यास दोघेही उन्हाळा काढू शकतात. विणीच्या काळात ओइकावाच्या नराच्या अंगावर हिरवट निळे आणि गुलाबी पट्टे उमटतात, तोंडावर पांढरे टोकदार दाणे येतात. या तिघांत रंगाने तोच सरस. तो बुजरा मात्र फार. दचकला की टाकीबाहेर उडी मारतो, आणि जाळीत धरल्यास त्याचे खवले निघून त्या जागी बुरशी धरते. त्यामुळे घट्ट झाकण आवश्यक आहे, आणि त्याला हलवताना भांड्यात पाण्यासकट उचलणे बरे.

कावामुत्सु दिसायला साधा आहे: कुशीवर गडद पट्टा, पाठीवरील पराच्या पुढच्या कडेला लाली. परंतु तो कोरडे खाद्य लवकर स्वीकारतो आणि नवख्याच्या चुका बऱ्याच अंशी सोसतो. पिले असताना ६० सेंटिमीटरची टाकी चालते. पुढे मोठे मासे लहानांना छळतात, तोंडात मावणारे असल्यास खातातही, याची तयारी ठेवावी.

पहिलीच टाकी असेल, तर मी कावामुत्सुच सुचवेन. एक उन्हाळा नीट पार पडल्यावर ओइकावाची पाच-सहा सेंटिमीटरची पिले आणावीत, कारण मोठ्या माशांपेक्षा ती टाकीत लवकर रुळतात. कोणताही मासा नकोसा झाला म्हणून नदीत सोडू नये. कावामुत्सु मूळचा पश्चिम जपानचा असून तोक्योभोवतालच्या कांतो प्रदेशातील नद्यांत तो बाहेरून आला, आणि ओइकावा ईशान्येकडील तोहोकू प्रदेशात पोहोचला तो बिवा सरोवरातून सोडण्यासाठी नेलेल्या आयू माशाच्या पिलांबरोबर.